ताटावरचं नाव

"राजमती?" निनाद सरांनी माझं नाव असं उच्चारलं, जणू ते त्यांना माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं होतं. "नको नको. फार जुनाट वाटतं. परीक्षक तिथंच गुण कापतील. आजपासून तू रिया."

"पण सर, दाखल्यावर..."

"दाखला कोण बघतंय? रिया. आता हसून दाखव बघू."

मी दात दाखवले.

"एवढे नकोत. वरचे तेवढेच. खालचे दिसले की माणूस लाचार वाटतो."

तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि खालच्या दातांनी माणसाची लायकी ठरते ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. जिल्ह्यातल्या कॉलेजांसाठी 'युवा व्यवस्थापक' नावाची स्पर्धा होती. सकाळी लेखी परीक्षा, दुपारी 'प्रसंग'. प्रसंग म्हणजे परीक्षक गिऱ्हाईक होऊन समोर बसणार आणि आपण व्यवस्थापक होऊन त्याला हाताळायचं. प्रत्येक कॉलेजातून एकच जण जाणार होता आणि आमच्या कॉलेजातून माझी निवड झाली होती. तयारीसाठी प्राचार्यांनी निनाद सरांना आणलं. ते पुण्याहून यायचे, एवढी लायकी आमच्या प्राचार्यांना पुरेशी होती. पुण्याहून रिकामं पोतं आलं असतं तरी त्यांनी त्याला हार घातला असता.

सरांचं एक सुवर्णसूत्र होतं. हास्य, आभार, तीन मुद्दे, आश्वासन. गिऱ्हाईक रडत येवो, ओरडत येवो, नाहीतर काठी घेऊन येवो, आधी हसायचं. मग म्हणायचं, "सर, सर्वप्रथम आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद." मग तीन बोटं वर करून तीन मुद्दे. मुद्दे कुठले याला महत्त्व नव्हतं, बोटं तीनच हवीत याला होतं.

"आणि सर, लेखीचं काय?" मी विचारलं.

"लेखी सोपी. चार पर्यायांतला सगळ्यांत लांब पर्याय बरोबर असतो. नाहीतर 'वरीलपैकी सर्व'."

मी मान डोलावली आणि घरी जाऊन पुस्तकं काढली.

मला ती स्पर्धा जिंकायचीच होती. त्याला कारण आमचे आप्पा. पेठेत आमचं 'मगदूम भांडी भांडार' होतं आणि मी पुण्याला एम.बी.ए. करायला जाते म्हटल्यावर आप्पांनी तराजूतून मान वर केली होती.

"असं कर," ते म्हणाले. "त्या स्पर्धेत पयला नंबर आण, पुण्याला पाठवतो. न्हाई आला तर गल्ल्यावर बस. दोन्ही चांगलंच हाय."

"बी.कॉम. झालेल्या पोरीनं तांबे विकायचे?"

"मग काय विकायचं? बी.कॉम.?"

असा माणूस. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण शब्दाला पक्के होते, आणि मी त्या शब्दाला धरून बसले होते.

आमच्या दुकानात भांडं नुसतं विकलं जात नसे. लग्नाचा तांब्या असो, वास्तुशांतीची परात असो, त्याच्यावर नाव पडल्याशिवाय गिऱ्हाईक बाकावरून उठायचं नाही. कुणाकडून, कुणाला, कशाप्रीत्यर्थ आणि खाली तारीख. साध्या कामाला विजेचं मशीन होतं, ते मी चालवायचे. मानाचं भांडं असलं की आप्पा स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. ठिपक्याला ठिपका लावून अक्षर काढायचे आणि नाव संपलं की पुढं तीन ठिपक्यांची चांदणी टाकायचे. तशी चांदणी दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मी कितीदा करून बघितली, माझी नेहमी चिमणीच्या पावलासारखी यायची.

नाव घालणाऱ्याला सगळ्यांच्या आधी सगळं कळतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणी बहिणीला किती बारीक तांब्या दिला, कुठल्या पुढाऱ्याचा सत्कार व्हायचाय. एकदा मी मैत्रिणीच्या बहिणीच्या साखरपुड्याची बातमी कॉलेजात फोडली, तेव्हा आप्पांनी मला आठवडाभर छिन्नीला हात लावू दिला नव्हता.

"नाव घालणाऱ्याला गावाच्या आधी कळतंय," ते म्हणाले होते, "म्हणून त्यानं गावाच्या नंतर बोलायचं."

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आप्पांचं वागणं जरा बदललं. एरवी कॉलेजातून आले की 'ही चार ताटं उरक' म्हणणारा माणूस मला दुकानाची पायरी चढू देईना.

"घरला जा. वाच."

"मशीनवरचं काम?"

"मी बघतो. तू वाच."

मला वाटलं, लेकीच्या शिक्षणाची किंमत कळली म्हणायची एकदाची. जेवताना त्यांनी विचारलं, "निकाल कोण लावतं गं तिथं?"

"परीक्षक."

"आणि त्येंना कोण बोलावतं?"

"ज्यांच्या कॉलेजात स्पर्धा, ते."

"हं." आप्पांनी भाकरी मोडली. "मग लेखी चांगला लिही. लेखीत बोटं घालायला जागा कमी असती."

मला हे त्यांचं नेहमीचं तिरकस बोलणं वाटलं.

स्पर्धा होती ते कॉलेज एका चेअरमनसाहेबांचं. कॉलेजचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला? दारातच साहेबांची तसबीर होती आणि तिच्या कडेला, हाताच्या पंजाएवढी, सरस्वतीची. सकाळी लेखी परीक्षा झाली. मी वाचलेलं सगळं आलं होतं. 'वरीलपैकी सर्व' हे उत्तर एकदाही बरोबर नव्हतं, हे मला पेपर लिहितानाच कळलं आणि मनापासून बरं वाटलं. दुपारी फळ्यावर गुण लागले, त्यात मी सगळ्यांत वर होते. दुसरी माझ्यापासून इतकी लांब होती की तिला हाक मारली तर ऐकू गेली नसती.

मग प्रसंगासाठी आम्हाला एका खोलीत बसवलं. कडक इस्त्रीतली पोरं-पोरी ओठ हलवत बसली होती. शेजारच्या मुलीला मी म्हटलं, "मी रिया."

"मी जिया," ती म्हणाली.

पलीकडची चमकून वळली. "मी टिया. घरी सावित्री म्हणतात."

कोपऱ्यात एक मुलगा होता, त्यानं घाम पुसत सांगितलं, "मी रॉनी. रोहिदास."

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. तेवढ्यात दारातून निनाद सर आले. कोटाला 'समन्वयक' असा बिल्ला. आमच्यातल्या एकालाही ओळखत नसल्यासारखं, फक्त वरचे दात दाखवून ते म्हणाले, "सर्वांना शुभेच्छा!" आणि गेले. एकाच भटजीनं पाच लग्नं एकाच मुहूर्तावर धरावीत, तसला प्रकार. त्यांच्या मागोमाग यजमान कॉलेजची मुलगी आली. सिया. तिला तर सरांनी स्वतः खुर्ची आणून दिली.

मी शेवटची होते. दाराला कान लावायची गरज नव्हती, दार उघडंच होतं. आत परीक्षक म्हणून झंवर शेठ बसले होते. तेलगिरणीचे मालक, उभी हयात गिऱ्हाइकात गेलेली. त्यांना गिऱ्हाईक व्हायचं होतं आणि त्यांचा नवा मिक्सर गळत होता.

"अहो, काय हा मिक्सर दिलात! सगळ्या ओट्यावर चटणी!" शेठ ओरडले.

"सर, सर्वप्रथम आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद," जिया म्हणाली. तीन बोटं वर.

नंतर टिया. नंतर रॉनी. तोच मिक्सर, तेच धन्यवाद, तीच बोटं. शेठ दर वेळी थोडं कमी ओरडायचे. सियाच्या वेळेला त्यांनी 'चटणी' एवढंच म्हटलं आणि धन्यवादाची वाट बघत बसले.

माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या तोंडातही तेच वाक्य तयार होतं. पण पाचव्यांदा ते ऐकवलं असतं, तर त्या माणसानं असेल तिथून मिक्सर आणून माझ्या डोक्यात घातला असता. आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

"मिक्सर गळतोय," शेठ म्हणाले. आवाजात काही राम नव्हता.

"कुठून गळतोय?" मी विचारलं. "बुडातून की झाकणातून?"

शेठनी मान वर केली. "ऑ?"

"बुडातून गळत असेल तर आतलं रबर सरकलं असंल. झाकणातून असेल तर भांडं काठोकाठ भरताय. घरी वापरतं कोण?"

"आमची... " शेठनी हातातली चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "हे यात लिहिलेलं नाही गं पोरी."

"मग घरी विचारून या. नाहीतर मिक्सरच घेऊन या, इथंच लावून बघू. रबर असलं तर लगेच बदलून देते. बिघाड आमचा असला तर नवा घेऊन जा."

शेठ खुर्चीत सावरून बसले. "समजा, मला पैसेच परत पाहिजेत?"

"मिक्सर नको असेल तर पैसे घ्या की. पण वहिनींना विचारलंत का? त्यांना पाटा-वरवंट्यावर बसवणार परत?"

शेठ खळखळून हसले. त्यांचे खालचे दातही दिसले, लाचार मात्र वाटले नाहीत. मग त्यांनी गुणांचा कागद पुढं ओढला आणि त्यांचं हसू मावळलं.

"इथं हास्याला गुण आहेत. आभाराला आहेत, मुद्द्यांना आहेत." ते निनाद सरांकडं वळले. "विचारण्याला रकानाच नाही हो."

"ठरलेल्या निकषांनुसारच द्यायचे, शेठजी," निनाद सर गोड आवाजात म्हणाले.

तरी मला आशा होती. लेखीत मी इतकी पुढं होते की प्रसंगात अर्धे गुण पडले असते तरी पहिला नंबर माझाच होता. व्यासपीठासमोर बसून मी पुण्याला न्यायची बॅग मनात भरत होते. मग चेअरमनसाहेब आले, अर्धा तास स्वतःविषयी बोलले, आणि निकाल वाचला गेला.

"द्वितीय क्रमांक, रिया!"

आडनाव नाही, गाव नाही. मी वर गेले आणि एक प्लॅस्टिकचं फूल घेऊन उभी राहिले. प्रथम क्रमांक अर्थातच यजमान कॉलेजची सिया. टाळ्या पडल्या. साहेबांनी स्वतःच्याच कॉलेजला स्वतःच्याच हातांनी बक्षीस दिलं. लाकडी पाटावर बसवलेलं पितळेचं भलंमोठं ताट, 'मानाचं ताट' म्हणे. फोटोसाठी सिया माझ्या शेजारी सरकली आणि ताट माझ्या नाकासमोर आलं.

त्यावर कॉलेजचं नाव घातलेलं होतं. 'विजेते महाविद्यालय' म्हणून, खाली तारीख. ठिपक्याला ठिपका लावलेला. आणि नावाच्या शेवटी तीन ठिपक्यांची चांदणी.

निकाल आत्ता, माझ्यासमोर लागला होता. आणि एवढं नाव घालायला आप्पांना अख्खी दुपार लागते.

फोटोवाला म्हणाला, "हसा." मी हसले नाही. तो फोटो अजून माझ्याकडं आहे, त्यात मी खून करायला निघाल्यासारखी दिसते.

घरी न जाता मी थेट दुकानात गेले. आप्पा डबे पुसत होते.

"ते ताट तुम्ही केलंत," मी म्हणाले.

"कुठलं?"

"आप्पा!"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "गिऱ्हाइकाचं काम हुतं."

"निकालाच्या आधी? तुम्हाला ठाऊक हुतं मी हरणार. ठाऊक असून मला वाच म्हणालात? आणि तोंडातनं अक्षर काढलं न्हाई?"

"नाव घालणाऱ्यानं..."

"आता गावाला कळलंय! आता तरी बोला की!"

आप्पांनी फडकं परत उचललं. बराच वेळ एकच डबा पुसत राहिले.

"पुण्याचं काय?" शेवटी मीच विचारलं.

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्यावर बसले. बसले म्हणजे धरणं धरल्यासारखी. आप्पांशी कामापुरतं बोलायचे. चोरांचा मला राग नव्हता एवढा यांचा आला होता. चोर निदान परके होते. यांनी माझ्याशी शर्त लावली, मग त्या शर्तीचं मढं स्वतःच्या हातांनी पाटावर बसवलं, आणि वर मला 'लेखी चांगला लिही' म्हणाले. असला बाप आणि असला धंदा, दोन्हींना मी मनातल्या मनात रोज शिव्या घालत होते.

महिना होत आला असेल. सकाळची वेळ होती. दारात गाडी थांबली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन निनाद सर तणतणत आत आले. माझ्याकडं न बघता त्यांनी ते गल्ल्यावर आदळलं.

"काय काम करता हो तुम्ही लोक? महिना झाला नाही आणि नाव उडालं! काल साहेबांच्या वाढदिवसाला शिपायानं चिंचेनं घासलं, तर सगळं साफ! साहेब मला नाही नाही ते बोलले."

मी कागद सोडला. तेच ताट. पितळ नुसतं झळकत होतं. कॉलेजचं नाव गायब, चांदणी गायब. तारीख मात्र ठसठशीत, नख लावलं तर अडकेल अशी.

मी वर बघितलं आणि हसले. फक्त वरचे दात.

"सर, सर्वप्रथम आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद."

निनाद सरांचं तोंड उघडं राहिलं. "रिया? तू इथं... नोकरीला आहेस?"

"दुकान आमचंच आहे, सर. बाहेर पाटीवर मगदूम लिहिलंय. तुम्ही दोनदा तिच्याखालून आत आलात."

"तू कधी बोलली नाहीस मला."

"तुम्ही विचारलं नाहीत. नाव तर माझं तुम्हीच ठेवलंत." मी तीन बोटं वर केली. "आता तीन मुद्दे. एक, ताट तुम्ही कुठल्या वारी आणून दिलंत? दोन, स्पर्धा कुठल्या वारी होती? तिसरा तुम्हीच सांगा."

सर लाल झाले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय असलेला माणूस, भांड्यांच्या दुकानातच सापडला होता. "हे बघ, तो तांत्रिक भाग असतो. आयोजनाच्या सोयीसाठी... तुझे वडील कुठं आहेत? काम कच्चं केलंय, ते बोल!"

आप्पा मागच्या खोलीतून आले. त्यांनी ताट उजेडात धरलं, अंगठा फिरवला.

"काम कच्चं न्हाई, सर," ते म्हणाले. "तारीख बघा की. शंभर वर्सं जायची न्हाई."

"मग नाव का गेलं?"

"नाव हलकं घातलं हुतं."

"का?"

"बुधवारी तुम्ही ताट आणलंसा, स्पर्धा रविवारची. निकाल लागायचा हुता न्हवं?" आप्पांचा आवाज एखाद्या गिऱ्हाइकाला परातीचं वजन सांगावं इतका साधा होता. "आमची पोरगी बी त्यात हुती. ती पयली आली असती तर नाव बदलायला लागलं असतं. खोल घातलं असतं तर ताट वाया. म्हणून चिंचेनं जाईल एवढंच घातलं. तारीख काय बदलत न्हवती, ती खोल घातली."

मी आप्पांकडं बघत होते. सगळं ठरलंय हे त्या माणसाला गावात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. कागदावर नाव होतं, आगाऊ रक्कम हातात होती. आणि तरी छिन्नी हातात घेतल्यावर, समोर पितळ असताना, या माणसानं हात हलका ठेवला होता. महिनाभर मी ज्याच्याशी बोलत नव्हते, तो जगातला एकटाच माणूस मी जिंकेन म्हणून जागा ठेवून बसला होता. निनाद सरांना माझं तोंड दिसायला नको, म्हणून मी खाली वाकून छिन्नी शोधायला लागले.

"आता लागला न्हवं निकाल?" आप्पा सरांना म्हणाले. "बसा. आता खोल घालून देतो. राजमती, घे."

त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. मानाचं भांडं त्यांनी मला पहिल्यांदाच दिलं होतं.

मी ठोकत होते तेवढा वेळ निनाद सर बाकावर बसून घड्याळाकडं बघत होते. आप्पा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"एक विचारू का, सर? ती पुण्याला एम.बी.ए.ला जायची एक परीक्षा असती म्हणं?"

"असते. राज्याची प्रवेश परीक्षा. लेखी. कॉम्प्युटरवर तपासतात."

"हं. आणि तिचं ताट कुठल्या दुकानात टाकत्यात?"

सरांनी आप्पांकडं बघितलं. "तिला... ताट नसतं."

"मग बरं हाय," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "त्येचा फॉर्म आण गं उद्या."

मी मान खाली घालून ठोकत राहिले, कारण ठिपके मला नीट दिसत नव्हते.

त्या वर्षी मी पुण्याला गेले आणि शिकून परत आले. आता गल्ल्यावर मीच असते, हौसेनं. ते ताट अजून त्या कॉलेजच्या कपाटात आहे, दर वर्षी चिंचेनं घासतात म्हणे. नाव जायचं नाही, मी चांगलं रागारागानं खोल घातलंय आणि पुढं माझी चिमणीच्या पावलाची चांदणीही टाकलीय. खालची तारीख तेवढी आप्पांची आहे. त्या ताटावर खरं तेवढंच आहे.